देवांचं ठेसन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्राला नाही. सिद्धेश्वराच्या देवळात डोळे मिटून उभा राहिलो तेव्हा देवालाही नाही — तिथंसुद्धा मी भलतंच काहीतरी मागून परत आलो. बायको गेली. ज्यांना सांगायला हवं होतं ती दोघंही गेली. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुमच्यासमोर जमेल असं वाटतंय. मध्येच भरकटलो तर भरकटू द्या. सरळ बोलायला जमलं असतं तर इतकी वर्षं गेली असती का?

आधी माझ्याबद्दल. सत्तर सालच्या आसपास मी सोलापुरात भवानी पेठेत राहायचो आणि एका बांधकाम ठेकेदाराच्या कचेरीत नकाशे काढायचो. डिप्लोमा होता माझ्याकडं. त्या जोरावर मी काय काढायचो? गोदामं, शाळेच्या खोल्या, पाण्याच्या टाक्या, संडास. संडासच जास्त. पण घरी कपाटावर एक गुंडाळी होती. त्यात मी एक नाट्यगृह काढत होतो — सात वर्षं. घुमट, कमानी, सज्जे, जिने, सगळं काळ्या शाईत, एक रेघ इकडची तिकडं नाही. कुणी दाखव म्हणालं तर आधी हात धुऊन या म्हणायचो. लोक हात धुऊन यायचे, बघायचे आणि म्हणायचे, छान आहे. छान! लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याला म्हणतात तसं.

मी स्वतःला फार मोठा समजायचो. कुणी अजून ओळखलेलं नाही, एवढंच. असं वाटणारी माणसं गावोगाव असतात, आणि बहुतेकांच्या हातून कुणाचं वाईट होत नाही. माझ्या हातून झालं.

होटगीजवळ आमच्या मालकांचं एका गोदामाचं काम निघालं, म्हणून मी सायकलवर तिकडं जायला लागलो. रुळांच्या पलीकडं मुरमाड माळ होता, बाभळी सोडल्या तर काही उगवत नव्हतं. त्या माळावर ते उभं होतं. काय म्हणू त्याला? देऊळ नव्हतं, दर्गा नव्हता, घर तर नव्हतंच. तीन पुरुष उंचीचा घुमट, त्याला सात दरवाजे, सातही वेगवेगळ्या उंचीचे. भिंती काळ्या — इंजिनातून पडलेल्या जळक्या कोळशाचे दगड झालेले असतात ना, काचेसारखे चकाकणारे, त्यांच्या. मधून शहाबादी फरशीचे तुकडे, तारेच्या खांबावरच्या फुटक्या चिनी मातीच्या वाट्या, मागावरच्या मोडक्या लाकडी कांड्या. आणि घुमट आतून सगळा फुटक्या बांगड्यांनी मढवलेला. हिरव्या, लाल, पिवळ्या. दरवाजातून ऊन आत आलं की खालच्या जमिनीवर रंग हलायचे.

मी सायकल धरून उभा राहिलो. खोटं कशाला बोलू — पहिल्यांदा माझ्या तोंडून 'अरे वा' निघालं. आणि त्याच्या मागोमाग, लगेच, पोटात काहीतरी दुखलं. कुणी बांधलं हे? मला विचारल्याशिवाय?

बांधलं होतं मल्लप्पानं. रेल्वेत गँगमन होता तो. रोज रुळावरून मैलोन्‌मैल चालायचं, खिळे ठोकायचे, खडी सारखी करायची आणि गाडी आली की बाजूला होऊन उभं राहायचं. सही अंगठ्यानं. घरात कानडी बोलायचा, बाहेर मराठी. मी विचारलं, हे काय आहे? तर तो लाजून हसला.

"ठेसन हाय की वो साहेब. देवांचं."

मग त्यानं सांगितलं. तुळजापूरची आई, खंडोबा, पीरबाबा, सगळे गाडीनंच जात असणार, एवढ्या लांब चालत कोण जातंय? पण होटगीला उतरायचं तर उतरणार कुठं? माणसांच्या ठेसनात पानाच्या पिचकाऱ्या. म्हणून त्यांच्यासाठी वेगळं. सात दरवाजे सात वारांचे. एका बाजूला आडोसा होता, तिथं देवींची वेटिंग रूम. मी हसलो. तोही हसला. पण त्याचं हसू आणि माझं हसू एक नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं होतं.

आणि घुमट कसा केलास? पुस्तकात ज्याला चार पानं लागतात ते त्यानं सुंभाच्या दोरीनं केलं होतं. मध्यभागी एक खुंटी, तिला दोरी, दोरीला गाठ. गाठ जिथं पोचेल तिथं दगड. थरावर थर, खाली लाकडाचा टेकूसुद्धा नाही. मी मनातल्या मनात चूक शोधत होतो. वर बघितलं, खाली बघितलं, बाहेरून फेरी मारली. सापडली नाही हो. एक चूक सापडली असती तर मी त्याच्यावर प्रेम केलं असतं, असं मला आजही वाटतं.

चुना त्याची बायको करायची. गौरव्वा. बारीक, सावळी, कमी बोलणारी, तोंडात कायम पान. दगडी डोणीत चुना भिजवायची, महिना महिना ओल्या पोत्याखाली मुरवायची, गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर घालून मुसळानं कुटायची. सहा वर्षं हेच. मग चिमूटभर बोटांत धरून चोळायची. "अजून न्हाई," म्हणाली की मल्लप्पा थापी खाली ठेवायचा. त्या बाबतीत तिच्यापुढं त्याचं काही चालायचं नाही. मल्लप्पा मला म्हणाला होता, दगड तर काय, कुणी पण रचंल साहेब, धरून ठेवतोय तो हिचा चुना.

मी तिथं वारंवार जायला लागलो. काम नसताना जायला लागलो. तुम्हाला कधी असं झालंय? — दुखऱ्या दाताला जीभ लावत बसायची, तसं. बायका सोमवारी तिथं भजनाला बसायच्या. वस्तीतली पोरं सात दरवाजांतून शिवाशिवी खेळायची. शेळ्या आत जाऊन बसायच्या. आणि मल्लप्पाला त्याचं काहीच नाही! कुणाला हात धुऊन या म्हणत नव्हता तो. मला राग यायचा. एवढं करून ठेवलंय आणि शेळ्या? घरी येऊन मी गुंडाळी उघडायचो, आणि माझं नाट्यगृह मला रेल्वेच्या वेळापत्रकासारखं दिसायचं. सगळं बरोबर, आणि जिवंत काही नाही.

त्या उन्हाळ्यात घुमटाखालच्या भिंतीला एक तडा दिसला. केसाएवढा. मल्लप्पा घाबरला. ड्युटीवरून सुटल्यावर निळ्या कपड्यांतच चालत भवानी पेठेत माझ्या दारात आला.

"साहेब, तुमी शिकल्याली मानसं. एकदा बघा की. लेकरं खेळत्यात आत."

मी गेलो. तडा पाहताक्षणी कळलं — नवं बांधकाम वाळताना पडतात तसला, भिण्यासारखं काही नाही. पण आमच्या धंद्यात अशा वेळी एक रीत आहे. तड्यावर आडवी काचेची बारीक पट्टी प्लास्टरनं चिकटवायची आणि वाट बघायची. भिंत हलत असेल तर काच तडकते. काच अख्खी राहिली तर तडा मेलेला आहे, बुजवून टाका. मी फोटोच्या फ्रेमची काच कापून पट्टी लावली, शेजारी पेन्सिलीनं तारीख घातली. मल्लप्पाला समजावलं. इथपर्यंत मी प्रामाणिक होतो, एवढं मात्र खरं.

त्या दोघांनी त्या काचेचं काय केलं असेल? गौरव्वानं तिला हळदकुंकू वाहिलं. मल्लप्पा रोज कामावर जाताना शिडीवर चढून काच बघायचा, हात जोडायचा आणि मगच निघायचा. पोरांना दम दिलेला — काच हाय तोवर आवाज करायचा न्हाई. पोरं पण शहाणी, शिवाशिवी खेळायची ती चवड्यांवर.

दोन महिने गेले. मग मालकांच्या ओळखीनं मुंबईचे एक मोठे आर्किटेक्ट सोलापुरात आले. मालक म्हणाले, तुझे ते कागद आण, दाखवू. मी त्या रात्री झोपलो नाही. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, गुंडाळी मांडीवर धरून त्यांच्या गाडीत बसलो. होटगीला गोदामापाशी गाडी थांबली. बॉनेटवर मी नाट्यगृह पसरलं. त्यांनी बघितलं. किती वेळ म्हणाल? एक बिडी ओढून होत नाही एवढा. "मेहनत आहे," म्हणाले. आणि मान वर केली, तर त्यांना रुळांपलीकडचा घुमट दिसला.

पुढचं मी बॉनेटपाशी उभा राहून बघितलं. वाऱ्यानं कागद उडू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरला होता. ते रूळ ओलांडून चालत गेले. दारात चपला काढल्या. आत गेले. तासभर बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते — या माणसाचे, ज्याच्या नावानं मुंबईत इमारती आहेत. मला म्हणाले, तुम्ही इथलेच ना? आणि मला आधी हे नाही दाखवलंत? दिवाळीनंतर मी विद्यार्थी घेऊन येतो, कॅमेरा घेऊन येतो, पुस्तकात छापतो. तुम्ही तोवर एक करा, याची मापं घेऊन नकाशे काढून ठेवा. तुमची रेघ स्वच्छ आहे.

तुमची रेघ स्वच्छ आहे! त्याच्या घुमटाचा कारकून व्हायचं होतं मला. सात वर्षं कुणासाठी झिजवली मी? अंगाची नुसती लाही लाही झाली. मालक गाडीत काहीतरी बोलत होते, मला ऐकू येत नव्हतं.

आता येतो. किती वेळ टाळणार?

चार दिवसांनी मी मापं घ्यायला म्हणून गेलो. दुपारची वेळ. मल्लप्पा रुळावर होता. गौरव्वा घागर घेऊन विहिरीवर निघाली होती, मला बघून पदर सारखा केला, म्हणाली, बसा साहेब, येते. आत कुणी नव्हतं. एक शेळी होती. मी शिडी लावली आणि काच बघायला चढलो.

काच अख्खी होती.

नीट ऐका, म्हणजे नंतर माझ्या बाजूनं काही बोलावंसं वाटणार नाही. हळदकुंकवाचे थरावर थर बसलेले, पण काच अख्खी. तडा दोन महिन्यांत केसभरही हलला नव्हता. ते बांधकाम शंभर वर्षं उभं राहिलं असतं. हे त्या क्षणी जगात एकट्या मला माहीत होतं. मी खिशातून पेन्सिलीला टोक करायचा चाकू काढला आणि त्याच्या पाठीनं काचेवर दाबलं. बारीकसा आवाज झाला. कुठं तडकायला हवी ते मला माहीत होतं, बरोबर तड्याच्या रेषेवर तडकवली. डिप्लोमा होता ना.

मग खाली उतरून बसलो. गौरव्वानं पाणी दिलं, प्यालो. तेव्हाही बोलता आलं असतं. मल्लप्पा यायला दोन तास होते — दोन तास मी तिथं बसून होतो, हे विसरू नका. रागाच्या भरात हातून गेलं, असं मला म्हणता येत नाही.

तो आला. मी त्याला शिडीवर चढवलं. तडकलेल्या काचेवरून त्यानं बोट फिरवलं. मी खालून म्हणालो, "काच खोटं बोलत नाही, मल्लप्पा."

त्यानं एकच विचारलं. "कुटं चुकलं वो साहेब?"

याचं उत्तर मी ठरवून ठेवलं नव्हतं. कमान चुकली म्हणालो असतो तर तो म्हणाला असता, कमान बदलू. घुमट जड झाला म्हणालो असतो तर हलका करून दाखवला असता, ती धमक होती त्याच्यात. आणि खरं सांगू? त्या आकाराला खोट लावायला माझी जीभच वळेना. मला अशी चूक हवी होती की प्रत्येक सांधा वाईट ठरेल, एकही दगड राहणार नाही. मी म्हणालो, "चुना कच्चा राहिला."

गौरव्वा दारात उभी होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. मल्लप्पानंही बघितलं नाही, आणि त्याचं न बघणं मला दिसलं.

पाडायला मी सांगितलं नाही — असं मी वर्षानुवर्षं स्वतःला समजावत होतो. सांगायची गरज कुठं होती? लेकरं खेळत्यात, एवढ्यावर त्यानं दुसऱ्या दिवशी रजा टाकली. स्वतःच वर चढला. सहा वर्षं जे रचलं ते नऊ दिवसांत स्वतःच्या हातानं उतरवलं. चौथ्या दिवशी मी गेलो होतो. का गेलो? बघायला गेलो, दुसरं काय. पहार मारून मारून त्याच्या हाताची सालटं निघाली होती. दगड फुटत होते, पण सांधा सुटत नव्हता. त्यानं घाम पुसत मला एक ढेकूळ दाखवलं, फुटक्या दगडाला लोखंडासारखा धरून बसलेला चुना.

"साहेब, कच्चा असता तर असा धरला असता का वो?"

त्याला जवळजवळ कळलं होतं. बघा, दुसरी संधी देवानं दिली होती मला. अर्धा घुमट अजून उभा होता, त्यातल्या बांगड्या उन्हात चमकत होत्या. मी म्हणालो, "बाहेरून धरल्यासारखा वाटतो. आतून पोकळ असतो." त्यानं मान हलवली आणि परत पहार उचलली. शिकलेल्या माणसाचा शब्द होता ना.

ते आर्किटेक्ट आलेच नाहीत. दिवाळी गेली, पुढची गेली, साधं पत्रसुद्धा नाही. मी ज्याच्यापायी हे केलं तो माणूस बहुधा मुंबईला पोचेपर्यंत आम्हा दोघांनाही विसरला होता. आणि मी काय केलं? माझ्या नाट्यगृहाचा घुमट खोडला आणि मल्लप्पाच्या घुमटासारखा काढायला बसलो. जमला नाही. तो कागद मी नंतर कपाटाच्या फळीवर अंथरायला वापरला.

मल्लप्पानं पुन्हा काही बांधलं नाही. पण माझं नाव तो गावभर सांगत फिरायचा. साहेब होते म्हणून लेकरं वाचली. त्यांच्या घरच्या कार्याला मला पहिल्या पाटावर बसवायचे, मला नारळ द्यायचे. मी घ्यायचो. गौरव्वा मात्र चुन्याला शिवेनाशी झाली. दिवाळीला घराला सफेदी शेजारची करून जायची. पान खायचंसुद्धा सोडलं तिनं. मल्लप्पानं मला हे सहज सांगितलं, काय खूळ घेतलंय बघा म्हणून, आणि लगेच विषय बदलला. नवरा-बायकोत त्यावरून कधी भांडण झालं नाही. तो तिला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, नाही?

दशक सरत आलं तेव्हा ती आजारी पडली. मल्लप्पाचा निरोप आला, साहेबांना भेटायचंय म्हणती. मी गेलो. बाजेवर चिमणीएवढी झाली होती. मल्लप्पा चुलीपाशी चहा टाकत होता, पाठ आमच्याकडं. तिनं मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात, त्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, "साहेब, माज्या हातानं त्येंच्या ठेसनाचा घात झाला. त्येंला इचारायचं धाडस हुईना. तुमी तरी मला माफ केलं म्हना."

मी काय म्हणालो असेन?

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "केलं."

तिला बरं वाटलं. तोंडावर दिसत होतं. मल्लप्पानं चहा आणला, मी तो पूर्ण प्यालो आणि सायकल काढून घरी आलो.